अदी आमची कोणी नाही

यंदा मे महिन्यात तुम्ही दोघं याल तेव्हा चपला काढायच्या आधी वायफायचा पासवर्ड मागाल, हे मला ठाऊक आहे. मागच्या खेपेला तुमची आई म्हणाली, आधी आजीच्या पाया पडा, तर तुम्ही वाकल्या वाकल्याच विचारलंत, "आजी, पासवर्ड काय?" आपण सगळे हसलो होतो. यंदा मला हसू येणार नाही, आणि तुमच्या मामीला तर नाहीच. दारात उभं राहून समजावण्यासारखी गोष्ट नाही, म्हणून आधीच लिहून पाठवते.

हॉलमध्ये टीव्हीच्या वरच्या फळीवर तुम्हाला वायफायचे चार डबे ओळीने ठेवलेले दिसतील. निळी, लाल आणि पिवळी चिकटपट्टी लावलेले तीन, आणि कोपऱ्यात एक पांढरा. पांढरा तुमचा, माझा, मामाचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा. त्यावर हवं ते बघा. बाकी तिघांकडे बघायचंही नाही. कपाटातल्या तीन लॅपटॉपना मी त्याच तीन रंगांची खोळ शिवली आहे. निळा लॅपटॉप फक्त निळ्या डब्याशी बोलतो, लाल फक्त लालशी, पिवळा पिवळ्याशी. ही व्यवस्था मामीची आणि रंग माझे. मी आयुष्यभर अंबरनाथच्या एका कारखान्याच्या कचेरीत परदेशी पत्रव्यवहार सांभाळला, तिथेही माझ्या फायलींना रंग असत.

मामी काय करते ते तुम्हाला अर्धवट माहीत आहे. तिचं एक दुकान आहे, जर्मनीत. दुकान म्हणजे शटर आणि गल्ला नव्हे. इंटरनेटवर एक मोठा बाजार आहे, जगभरचे लोक त्यात घेतात आणि विकतात. त्यात मामी उल्हासनगरच्या जीन्सच्या कापडाचे ॲप्रन विकते. दुसरी दोन दुकानं बदलापूरच्या दोन बहिणींची. थोरलीच्या गोधड्या इंग्लंडला जातात, धाकटीची कापडी बाहुली अमेरिकेला जाते. दोघी शिवतात सुंदर, पण कॉम्प्युटरला हात लावायला धजत नाहीत. म्हणून त्यांची दुकानं मामी इथून चालवते. दुकानं त्यांच्या नावावर, त्यांच्या कागदांवर, चालवणारी ही.

आता डब्यांचं. इंटरनेटवर आपण ज्या जागेवरून बोलतो त्या जागेला एक आकडा असतो. घराला जसा पत्ता, तसा लाइनीला आकडा. बाजार तो आकडा बघत असतो. एकाच आकड्यावरून तीन दुकानं उघडलेली दिसली की बाजार समजतो, ही तिन्ही एकाच माणसाची. आणि त्यातलं एक काही कारणाने बंद झालं की उरलेल्यांनाही तो टाळं लावतो. म्हणून तीन दुकानांना तीन लाइनी, तीन कायमचे आकडे, निळी मामीची, लाल आणि पिवळी बहिणींची, त्यांत सरमिसळ नाही. लाइन टाकायला आलेला केबलवाला शिडीवरून म्हणाला होता, "आंटी, एका घरात एवढ्या लाइनी? सायबर कॅफे टाकताय का?" मामा म्हणाला, "नाही रे, घरात कोणाचं कोणाशी पटत नाही."

मला मात्र ते सगळं ओळखीचं वाटलं, आणि आवडलं नाही. माझ्या सासूबाईंचं सोवळं फार कडक होतं. सोवळ्याचं भांडं ओवळ्याला लागायचं नाही, वाळत घातलेल्या सोवळ्याच्या लुगड्याला येता-जाता आपला पदर लागायचा नाही, लागलाच तर सगळं पुन्हा धुवायचं. कोणाला कशाने विटाळ होतो या हिशेबात माणसांचा किती अपमान होई तो मी पाहिला होता, आणि घर माझ्या हातात आलं तेव्हा ते सोवळं मी बंद केलं. एवढ्या वर्षांनी ते टीव्हीच्या फळीवर परत येऊन बसलं. लाल लॅपटॉप चुकून निळ्या डब्याला जोडला गेला तर मामीचा चेहरा अगदी सासूबाईंसारखा होई.

तिची ही भीती उगाच नव्हती. ती तिला एका बाईकडून मिळाली होती.

ती बाई उल्हासनगरची, सिंधी, मामीपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी. मामी तिला अदी म्हणते. सिंधीत अदी म्हणजे ताई. उल्हासनगरच्या बाजारात कापड घेता-घेता तो शब्द मामीच्या तोंडी बसला आणि मग घरात आम्हीही तिला अदीच म्हणू लागलो. मामीला हा धंदा तिने शिकवला. पार्सल कसं बांधायचं, पावसाळ्यात आतून प्लॅस्टिक कसं लावायचं, गिऱ्हाइकाने शिव्या दिल्या तरी उत्तरात आधी धन्यवाद कसं लिहायचं. मामाच्या आनंदनगरच्या कंपनीत काम कमी झालं होतं त्या दिवसांत ती रोज रिक्षाने यायची आणि आमच्या डायनिंग टेबलावर मामीला बसवून शिकवायची. जाताना मला म्हणायची, "आंटी, आपकी बहू का दिमाग तेज है, सिर्फ टेप बहुत वेस्ट करती है."

नंतर अदीचंच दुकान बंद झालं. तिच्या दिराचं त्याच बाजारात एक दुकान होतं, त्याने खोट्या शिक्क्याचा माल विकला आणि ते बंद पडलं. दीर त्याच घरात, त्याच लाइनीवर. बाजाराने अदीलाही टाळं लावलं. तिने किती पत्रं लिहिली, पण उत्तर एकच येई, तुमचं खातं बंद केलेल्या खात्याशी संबंधित आहे. ती आमच्याकडे येऊन हे सांगत होती तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा मोठाच होता, पण हातातला चहा तसाच राहिला होता. ती गेल्यावर मामीने केबलवाल्याला फोन केला, आणि मग ते डबे आले.

गेल्या चैत्रात आपल्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. तुमच्या आईला विचारा, ती लहानपणी आंब्याच्या डाळीसाठी किती घरं फिरायची. गौर झोपाळ्यात बसवली होती, कलिंगड कापून मांडलं होतं, भिजवलेले हरभरे ओटीसाठी परातीत निथळत होते. इमारतीतल्या बायका आल्या, बदलापूरच्या दोघी बहिणी येऊन गेल्या, आणि सगळ्यांत शेवटी जरीचा दुपट्टा सावरत अदी आली. तिला आमची आंब्याची डाळ फार आवडते. ती तिला अंबा दाल म्हणते आणि दोनदा मागून घेते.

नेमका त्या दिवशी पांढरा डबा बंद होता. खाली रस्त्यात कुठेतरी खोदकाम चाललं होतं आणि त्या लाइनीची तार तुटली होती. अदीने बसल्या बसल्या फोन वर धरून बघितला. आमच्या हॉलमध्ये फोनची रेंज येत नाही हे तुम्हाला माहीतच आहे.

"अगं, तुझं वायफाय लागत नाही," ती म्हणाली. तिचं मराठी आमच्याकडेच सुधारलं होतं. "पासवर्ड बदला क्या?"

मामीच्या एका हातात पन्ह्याचा ग्लास होता आणि दुसऱ्या हातात अत्तरदाणी. दारात अजून एक बाई चपला काढत होती. पाहुणा पाणी मागतो तेव्हा आपण विचार करतो का? हात आपोआप माठाकडे जातो. तसंच झालं. मामी म्हणाली, "निळा जोडा ना अदी," आणि पासवर्ड सांगितला. रोज मामाला त्या डब्यांवरून ओरडणारी तीच, आणि तिनेच तो दिला. सांगून ती वळली, आणि वळता वळता थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी परातीतून हरभरे उचलत होते. आम्हा दोघींना एकाच वेळी कळलं.

पण दिलेला पासवर्ड परत कसा मागायचा? घरात आलेल्या बाईला, जिच्या कपाळाला आत्ता कुंकू लावलं तिला, कसं म्हणायचं की तुमचा फोन आमच्या लाइनीवरून काढा, तुम्ही चालत नाही? मी मनात म्हणत होते, ती फोटोच बघेल, निरोप बघेल, मुलाचा फोन आला का ते बघेल आणि ठेवून देईल.

अदीने डाळीचा घास घेतला आणि फोन माझ्यापुढे धरला. "ये देखो आंटी. रोज बघते. एक साल हो गया, अजून तेच." तिच्या बंद दुकानाचं पान होतं. वर लाल पट्टी. "मेरी सास रोज मंदिर जाती है, मी रोज इथे येते. दर्शन दोघींनाही नाही."

बायका हसल्या. मीही हसले असेन. आत स्वयंपाकघरात मामीच्या हातातलं भांडं पडलं, त्याचा आवाज मला अजून आठवतो. मी हरभऱ्यांनी अदीची ओटी भरली तेव्हा तिने डोकं झाकून ती घेतली आणि जाताना म्हणाली, "पुढच्या साली जास्ती दाल बनाना."

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगणं कठीण आहे, कारण काहीच होत नव्हतं. ऑर्डरी येत होत्या, पार्सलं जात होती. मामी सकाळी उठली की दात घासायच्या आधी निळा लॅपटॉप उघडायची. त्या बाजारात माणूस दिसत नाही. वाद घालायला समोर कोणी नसतं, कोणाचा चेहरा वाचता येत नाही. कुठेतरी एक यंत्र आकडे जुळवत बसलेलं असतं, आणि त्याने आपल्याकडे पाहिलंय की नाही तेही आपल्याला कळत नाही. मी मामीला म्हणायचे, "इतके दिवस झाले, आता काय होणार?" ती म्हणायची, "आई, असं बोलू नका."  बेल वाजली की आधी दाराच्या भिंगातून बाहेर बघायची सवय मला तेव्हा लागली.

मग एका सकाळी मामी निळा लॅपटॉप उघडाच हातात घेऊन माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मला कळलं.

जर्मनीचं दुकान बंद झालं होतं. तेच शब्द, जे आम्हाला अदीने ऐकवले होते. तुमचं खातं बंद केलेल्या खात्याशी संबंधित आहे.

बाजाराच्या मदत-खिडकीत लिहून बोलता येतं. समोरून कोणीतरी टाइप करतं, माणूस की यंत्र देव जाणे. मामीने घाईघाईने सगळं लिहायला सुरुवात केली, बहिणींची दुकानं आपणच चालवतो तेसुद्धा. मी देवघरापाशी होते, मला वाटलं मामाशी बोलत असेल. तिकडून प्रश्न आला, त्या दुसऱ्या खात्याच्या मालकिणीला तुम्ही ओळखता का? मामी खोटं बोलणारी नाही. तिच्या मनात होतं, हो, ती मला बहिणीसारखीच, आमच्या घरी पाहुणी म्हणून आली होती. घाबरलेल्या बोटांनी इंग्रजीत उतरलं ते असं: येस, शी इज माय सिस्टर ओन्ली.

हे वाक्य तुम्हाला परदेशात कसं ऐकू येईल ते मला माहीत आहे, आणि आपल्याकडे कसं ऐकू येतं तेही. आपण ओन्ली म्हणतो ते मराठीतला 'च' लावतो तसं. बहीणच आहे हो, म्हणजे परकी नाही. पलीकडे बसलेल्याने वाचलं की ती हिची सख्खी बहीण आहे आणि हिने ते कबूल केलं आहे. तो म्हणाला, माहितीबद्दल आभार, आणि खिडकी बंद झाली.

मी येऊन पडद्यावरचं ते वाक्य वाचलं तेव्हा उशीर झाला होता. जन्मभर इंग्रजी पत्रं लिहिलेली बाई शेजारच्या खोलीत उदबत्ती लावत होती, आणि इकडे तो एक शब्द गेला.

दुसरं पत्र दुपारी आलं. त्या बंद खात्याची मालकीण तुमच्या कुटुंबातली असल्याचं तुम्ही सांगितलं आहे, त्यामुळे तुमच्या व्यवस्थेखालच्या इतर खात्यांचीही तपासणी होईल. इतर म्हणजे बदलापूरच्या बहिणींची. लाल आणि पिवळा.

मामी जेवली नाही. मामा शिफ्टवरून आला, पत्र वाचलं आणि म्हणाला, "होईल काहीतरी." मामी म्हणाली, "तुमच्या कंपनीत होईल काहीतरी. इथे नाही होत." मग ती रडायला लागली, पण आपल्या दुकानासाठी नाही. "मी त्यांना काय तोंड दाखवू?" हेच एक ती परत परत म्हणत होती. थोरल्या बहिणीचा नवरा गेल्यावर तिने त्या गोधड्यांवर मुलीचं शिक्षण चालवलं होतं. आणि मी त्या लाल आणि पिवळ्या डब्यांच्या दिव्यांकडे बघत होते. घरात कोणी आजारी असलं की आपण त्याच्या छातीकडे बघत राहतो, वर-खाली होते की नाही, तसं.

उल्हासनगरात असे अर्ज लिहून देणारा एक सल्लागार आहे. मामा त्याला भेटून आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. नातं नाकारायचं. तुमच्याकडून एक आणि त्या बाईकडून एक, सही केलेलं निवेदन. बाजाराला लागतो तो मजकूर ठरलेला असतो, त्यात स्वतःची अक्कल लावायची नाही.

मजकूर इंग्रजीत होता. माझा या व्यक्तीशी कोणत्याही प्रकारचा संबंध नाही. मी पेन घेऊन बसले आणि म्हटलं, "हे खरं नाही. कौटुंबिक किंवा व्यावसायिक संबंध नाही, असं लिहूया. ते खरं आहे." मामाने फोन लावून विचारलं. पलीकडून सल्लागार म्हणाला, आणि मला ते ऐकू आलं, "माताजींना सांगा, ते यंत्र वाचतं. यंत्राला प्रकार कळत नाहीत." मी पेन खाली ठेवलं. नंतर मीच तो मजकूर स्वच्छ टाइप केला, दोन प्रतींत, स्वल्पविराम नीट घालून. मामीने तिच्या प्रतीवर सही केली. दुसरीवर अदीची हवी होती.

तिला फोन करायचा कोणी? मामीच्याने होईना. मी केला. सगळं सांगितलं. 

"मेरे फोन से?" ती म्हणाली.

"हो."

"त्या दिवशी?"

"हो."

"आंटी, तेव्हाच बोलायचं ना. मैं बंद कर देती."

मग ती म्हणाली, "मी येते."

ती आली, पण वर आली नाही. खालून तिने वॉचमनकडून निरोप पाठवला. मी आणि मामी कागद घेऊन उतरलो. पार्किंगमध्ये कोणाच्या तरी स्कूटरपाशी ती उभी होती. हातात पर्स होती, फोन दिसत नव्हता.

"वर चल," मी म्हटलं.

"नाही आंटी. आपका वायफाय बाट जाएगा."

हा बाटण्याचा शब्द तिने आमच्याकडेच उचललेला होता. ती चेष्टेने बोलली, पण माझ्याकडे बघून नाही. मामी म्हणाली, "अदी, असं नका ना बोलू." अदीने कागद स्कूटरच्या सीटवर पसरला. वाचताना तिचं बोट ओळीखालून फिरत होतं. त्या वाक्याशी आल्यावर बोट थांबलं.

"एनी काइंड," तिने वाचलं. "कोणत्याच टाइपचा नाही?"

"त्यांना तसंच लागतं," मामी म्हणाली.

"हाँ हाँ, लागतं. मुझे भी तो यही लिखना चाहिए था. दिराशी माझा कोणत्याच टाइपचा संबंध नाही. पण त्याच घरात राहून कसं लिहिणार? रोटी तर त्यालाही मीच वाढते." तिने पेन मागितलं. सही करून कागद मामीच्या हातात दिला. "हे घे. आता मी तुझी कोणी नाही लागत. टेप कमी वापर."

मामीने तिचा हात धरायला हात पुढे केला. अदीने आपला पदर नीट केला आणि ती रिक्षाकडे गेली. पदर नीट करायचा होता की हात द्यायचा नव्हता, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

कागद गेले. पुन्हा वाट बघणं. या वेळी मामीने लॅपटॉप उघडायचं काम माझ्याकडे दिलं. तिच्या बोटांवर तिचा विश्वास उरला नव्हता. मी रोज आंघोळ करून निळी खोळ काढायची, पान उघडायची आणि वाचून दाखवायची. मदत-खिडकीतून प्रश्न आला की मी आधी कागदावर उत्तर लिहायची, दोनदा वाचायची, मग टाइप करायची. त्यात एकही 'ओन्ली' नव्हता. बदलापूरच्या बहिणींना सगळं खरं सांगितलं. धाकटी म्हणाली, "आई, बंद झालं तर बाहुल्या आमच्या नातवंडांना होतील." थोरली उठून चहाचे कप धुवायला गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

शेवटी तिन्ही दुकानं सुटली. लाल आणि पिवळं आधी, निळं सगळ्यांत शेवटी. मामीने ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. आनंद व्हायला हवा होता. पण पत्राच्या शेवटी एक ओळ होती. पुढे कधी त्या खात्याशी किंवा त्या व्यक्तीशी संबंध आढळला, तर पूर्वसूचना न देता तिन्ही खाती कायमची बंद केली जातील.

त्याच दिवशी मामीने फोनमधून अदीचा नंबर काढला. जुने फोटो पुसून टाकले, ज्यांत दोघी पार्सलांच्या ढिगात बसून आंबा खात होत्या. मी म्हटलं, "फोटोने काय होतंय?" ती म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे का, आई? मला नाही माहीत."  मलाही माहीत नाही. ते यंत्र आकडे बघतं हे आम्हाला कळलं, पण आणखी काय काय बघतं ते कोण सांगणार? नाव? फोटो? उल्हासनगरहून आलेला फोन? आता मामी उल्हासनगर कॅम्पातल्या त्या कापडबाजारात जातच नाही, कापड दुसऱ्याकडून मागवते. अदी तिथल्याच एका गल्लीत राहते. शहाड स्टेशनला एकदा तिला लांबून अदीसारखी कोणी दिसली तर ती पुलावरून परत फिरली, आणि घरी येऊन मला म्हणाली, "मी कशाला पळाले? तिथे कुठे वायफाय होतं?"

यंदाचा चैत्र आला. गौर बसवली, डाळ केली. पांढरा डबा आदल्या दिवशीच तपासून घेतला आणि उरलेल्या तिघांवर मी ओढणी टाकली, कोणी विचारू नये म्हणून. बायका आल्या आणि गेल्या. शेवटी परातीत एका ओटीचे हरभरे उरले. कोणाचे ते दोघींनाही माहीत होतं.

मी म्हटलं, "पाठवून देऊ का कुरियरने?"

"नको," मामी म्हणाली. "पाठवणाऱ्याचा पत्ता लिहून घेतात. तिचा, माझा, एकाच कागदावर."

मी उठले. मग डाळीचा डबा भरला, हरभरे रुमालात बांधले, एक नारळ घेतला. माझं नाव कुठल्याच दुकानाच्या कागदावर नाही. फोन मी पांढऱ्या डब्याशेजारी ठेवून दिला. मामी दारापर्यंत आली, माझी पिशवी बघितली, जा म्हणाली नाही आणि नकोही म्हणाली नाही.

फोनशिवाय बाहेर पडून मला किती वर्षं झाली असतील! रिक्षात बसल्यावर हात सारखा पर्सकडे जायचा. उल्हासनगरात उतरल्यावर पत्ता विचारत विचारत गेले, आणि ज्याला विचारलं त्याचं तोंड लक्षात ठेवत गेले, जणू तो कुठे जाऊन सांगणार होता. म्हातारी बाई, हातात ओटी, आणि चालणं मात्र चोरी करून निघाल्यासारखं.

अदीने दार उघडलं. मला बघून तिने आधी माझ्या मागे जिन्याकडे पाहिलं.

"एकटीच आले," मी म्हटलं. "फोन घरी ठेवलाय."

ती आत गेली. स्वयंपाकघरात स्टीलच्या डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हाताला पीठ लागलं होतं.

"माझा पण," ती म्हणाली. "आट्याच्या डब्यात. तिथे त्याला काही ऐकू नाही येणार."

हे ती हसून म्हणाली, पण दार लावून घेतल्यावर म्हणाली. मी तिला कुंकू लावलं. तिने डोकं झाकलं आणि पदर पसरला. मी हरभरे घालत होते तेव्हा ती हळूच म्हणाली, "आंटी, मैंने तो साइन किया है. आपसे मेरा कोई संबंध नहीं."

"ठाऊक आहे. मीच टाइप केलं होतं."

"इंग्लिश अच्छी थी."

तिने डाळीचा डबा उघडून वास घेतला. चहा विचारला, मी नको म्हटलं. फार वेळ थांबणं मला धोक्याचं वाटत होतं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटत होती. तिने जिन्यापर्यंत सोडलं नाही. कोणी बघेल म्हणून असेल.

घरी आले तर मामी दारातच होती. पिशवी रिकामी आहे हे तिने बघितलं. पहिला प्रश्न विचारला तो असा: "तिथे कोणी फोटो तर नाही ना काढला?"

"नाही," मी म्हटलं.

दुसरा प्रश्न तिने विचारला नाही. मीच सांगितलं, "बरी आहे. डाळ आवडली."

मामीने मान हलवली, ओढणीचं टोक उचललं, आणि तिन्ही डब्यांचे दिवे लागलेले आहेत ना ते बघितलं.

तेव्हा बाळांनो, दारात आल्यावर पासवर्ड मला विचारा, मामीला नको. मी पांढऱ्याचा सांगेन. आणि अदीबद्दल काही विचारायचं असलं तर तेही मलाच, पण फोनवरून नको. समोर आल्यावर.